शेवटच्या बिलाआधी

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारी परिसर हादरला आणि लातूर, उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली. भूकंप रिश्टरवर सहाच्या थोडा वरचा होता. तेवढे धक्के जगात दरवर्षी कुठे ना कुठे बसतात आणि बहुतेक ठिकाणी इतकी माणसं मरत नाहीत. इथे जीव घेतला तो चिखलात रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींनी आणि माळवदावर वर्षागणिक चढत गेलेल्या मातीच्या थरांनी. सरकारी नकाशात हा भाग तोवर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. १९९२ मध्ये इथे वारंवार धक्के जाणवत होते, तरी नकाशा तसाच राहिला. सुधारित नकाशात हा भाग तिसऱ्या विभागात आला तेव्हा २००२ उजाडलं होतं.

पुढे १९९४ ते १९९८ या काळात जागतिक बँकेच्या कर्जातून ‘महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम’ राबवला गेला. बावन्न गावं नव्या जागी वसवली आणि जी गावं हलवायची नव्हती तिथल्या जवळपास दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण झालं. ग्रामीण महाराष्ट्रात इतक्या कमी वेळात इतकं बांधकाम क्वचितच झालं असेल आणि इतक्या सामान्य माणसांना सिमेंट, सळई आणि पट्ट्याची भाषाही क्वचितच शिकावी लागली असेल. अंगणवाडीच्या इमारतींवर देखरेख कुणी करायची, कशी करायची आणि इमारत पुरी झाली असं कधी म्हणायचं, हा वाद किल्लारीत वेगळ्या जाणकारीने रंगतो तो त्यामुळेच.

या लेखातले दोघे कुणी विशिष्ट व्यक्ती नाहीत. बांधकाम खात्यातली माणसं आणि अंगणवाडीतल्या बाया यांच्या बोलण्यात ज्या दोन भूमिका समोरासमोर येतात, त्या इथे एका दीर-भावजयीच्या तोंडी दिल्या आहेत. दीर जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले शाखा अभियंता. पुनर्वसनाच्या कामावर उमेदवारीची वर्षं काढलेले. भावजय अंगणवाडी सेविकेपासून पर्यवेक्षिकेपर्यंत पोचलेल्या. भूकंपानंतर माहेरच्या गावी राहून त्यांनी ‘संवाद सहायक’ म्हणून काम केलेलं. नव्या किल्लारीतल्या घराच्या ओट्यावर दुपारच्या चहाला विषय निघाला तो अंगणवाडीच्या नव्या खोलीचा.

भाऊजींचं म्हणणं सुरुवातीपासून ठाम होतं. “वहिनी, तुमच्या बाया इमारत बघायला येतात कधी? रंग लागल्यावर. तोवर बघण्यासारखं सगळं आत गाडलेलं असतं.”

हे त्यांनी नुसतं म्हटलं नाही, एकेक करून सांगितलं. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. पाया तिच्यावर ठेवला तर तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. म्हणून खोदाई मुरूम लागेपर्यंत न्यायची. पाया भरला की तो किती खोल गेला हे परमेश्वराला आणि मोजमाप पुस्तिकेलाच ठाऊक. जोत्यातली भराई थराथराने, पाणी मारून, धुम्मस करून करायची. एकदम टाकून दिली तर फरशी खचते, पण ती खचणार दोन वर्षांनी. दरवाज्या-खिडक्यांच्या वरून जाणारा काँक्रीटचा पट्टा चारही भिंतींना सलग बांधतो. त्यातल्या सळ्या कोपऱ्यावर वळवून पलीकडच्या भिंतीत शिरल्या पाहिजेत. कोपऱ्यात तोडल्या तर पट्टा दिसायला पट्टा, धक्क्याच्या वेळी कामाचा नाही. “त्या कोपऱ्यावर काँक्रीट पडायच्या आधी अर्धा तास जो उभा राहतो, तोच खरी देखरेख करतो. नंतर येणारा नुसता फोटो काढतो.”

फोटोचा विषय त्यांच्या जिव्हारी लागलेला होता. रोजगार हमीच्या कामांना २०१७ च्या अखेरीपासून काम सुरू होण्याआधी, चालू असताना आणि संपल्यावर असे तीन टप्प्यांवर जिओ टॅग फोटो घ्यावे लागतात. जागा खरी आहे आणि काम कागदावरचं नाही, एवढं त्यातून नक्की कळतं. एकाच विहिरीचं बिल दोनदा निघण्याच्या तक्रारी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना याची किंमत ठाऊक आहे. पण फोटोत पायाची खोली दिसत नाही, सळईची जाडी दिसत नाही आणि स्लॅबवर किती दिवस पाणी होतं हे तर दिसूच शकत नाही.

वहिनी इथे बोलल्या. “पाण्याचं तुम्ही आम्हाला सांगू नका, भाऊजी. ते आम्हीच बघितलंय.”

आणि ते खरं आहे. दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या गावांत लोकसहभागाचं काम ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेकडे होतं. गावोगावच्या लिहिता-वाचता येणाऱ्या बायांना संवाद सहायक म्हणून नेमलं गेलं. कोणत्या घराला किती मदत मंजूर आहे, पुढचा हप्ता कोणतं काम झाल्यावर मिळेल, छतावरची माती किती उतरवायची, पट्टा कुठून कुठे न्यायचा, हे घरोघर समजावून सांगणं त्यांच्याकडे असे. सुरुवातीला गवंडी हसत. नंतर तेच गवंडी बायांना बोलवायला येऊ लागले, कारण घरमालकीण पटल्याशिवाय काम पुढे सरकत नव्हतं. यांतल्या बाया २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्येही गेल्या आणि तिथल्या बायांना आपला अनुभव सांगून आल्या.

“मी गवंडीकाम शिकले नव्हते,” वहिनी म्हणाल्या, “पण सिमेंटच्या कामावर पाणी किती दिवस मारायचं ते मला ठाऊक होतं. पुरुष सकाळी शेतात जायचे. घागर घेऊन पट्ट्यावर पाणी ओतायचं काम बाईचंच होतं. ज्या घरी बाईला कारण समजलं, त्या घरी पाणी पडलं. कारण न सांगता नुसता हुकूम दिला तिथे दुसऱ्या दिवशीच थांबलं.”

भाऊजींनी हे नाकारलं नाही. त्यांनीही ती घरं बघितली होती. उलट त्यातूनच त्यांनी आपला खरा मुद्दा पुढे काढला, आणि या सगळ्या चर्चेतला तो सर्वांत कठीण मुद्दा होता. “तिथे घर बाईचं होतं. पैसा तिच्या घरात येत होता, भिंतीखाली झोपणार होती ती आणि तिची लेकरं. अंगणवाडी कुणाच्या मालकीची, सांगा बरं?”

खरोखर, कुणाची? जागा ग्रामपंचायतीची. लेकरं आणि सेविका महिला व बालविकास विभागाची. बांधकाम जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचं किंवा ग्रामपंचायतीचं. पैसा तीन-चार झऱ्यांतून येतो. ‘सक्षम अंगणवाडी व पोषण २.०’ मध्ये रोजगार हमीच्या जोडीने बांधायच्या एका अंगणवाडीचा खर्च सात लाखांवरून बारा लाखांपर्यंत वाढवला गेला. त्यातले आठ लाख रोजगार हमीतून, दोन लाख पंधराव्या वित्त आयोगाच्या किंवा तशाच मोकळ्या निधीतून आणि दोन लाख महिला व बालविकासाकडून, तेही केंद्र-राज्य वाटणीने. कागदावर हिशेब चोख आहे. प्रत्यक्षात यातला प्रत्येक झरा आपल्या वेळेने वाहतो.

रोजगार हमीचंच घ्या. कायद्याने मजुरीवर किमान साठ आणि साहित्यावर जास्तीत जास्त चाळीस टक्के खर्च अपेक्षित. शेततळं किंवा मातीचा बांध असेल तर हे प्रमाण सहज बसतं. इमारतीचं गणित उलटं असतं. सिमेंट, खडी, सळई, विटा, दारं-खिडक्या, म्हणजे बहुतांश खर्च साहित्याचाच. त्यामुळे एक अंगणवाडी उभी करायची तर मजुरीची भरपूर कामं जिल्ह्यात चालू असावी लागतात, आणि साहित्याचं देयक मजुरीच्या मागून, रखडत येतं. गुत्तेदार पदरचे पैसे घालून जोत्यापर्यंत येतो, तिथे थांबतो. कधी स्लॅब टाकून थांबतो, कारण स्लॅबचा टप्पा मोठा आणि तेवढं बिल निघतं. उरतं काय? शौचालय, नळ, मोरी, स्वयंपाकखोलीचा ओटा, दाराच्या कड्या. छोट्या रकमेची, किचकट, कुणालाच घाई नसलेली कामं. अंगणवाडी चालते ती मात्र नेमकी याच कामांच्या जिवावर.

त्यात मार्चअखेर. निधी खर्ची पडायची घाई मार्चमध्ये, म्हणून कामं रेटली जातात ती फेब्रुवारी ते मे. आणि मराठवाड्यात पाणी आटायचे महिनेही तेच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आलं. माणसांना प्यायला पाणी नसलेल्या त्या उन्हाळ्यात ज्या स्लॅबा पडल्या असतील, त्यांच्यावर मातीचे वाफे करून पाणी कुणी साठवलं असेल, हा प्रश्न कोणत्याही तपासणी-तक्त्यात नाही. अंदाजपत्रक करणाऱ्याने काम कोणत्या महिन्यात पडणार आणि त्या महिन्यात गावाला टँकर चालू असतो का, एवढं बघितलं तरी पुष्कळ भिंती वाचतील. दोघांचं पहिलं एकमत झालं ते इथे.

मग वहिनींनी मोर्चा वळवला. “तुम्ही इमारत पडेल का ते बघता, भाऊजी. मी बघते की लेकरू आत येईल का.”

ग्रामीण अंगणवाडीसाठी केंद्राने घालून दिलेला निकष किमान सहाशे चौरस फुटांचा आहे. बसायची खोली, वेगळी स्वयंपाकखोली, धान्याची कोठी, लहान मुलांना वापरता येईल असं शौचालय, खेळायला जागा आणि पिण्याचं पाणी. सहाशे चौरस फूट भरले की कागदावर निकष पुरा होतो. आत शिरून बघितलं की वेगळीच मापं सुरू होतात. काळ्या मातीमुळे जोतं उंच घेतलेलं असतं, ते योग्यच. पण त्याला नऊ-नऊ इंचांच्या पायऱ्या देतात. तीन वर्षांच्या मुलाचा गुडघा त्याच उंचीच्या आसपास येतो. ते मूल हात टेकून, चार पायांवर चढतं, आणि उतरताना कुणीतरी धरावं लागतं. सेविका एक, मदतनीस एक, मुलं पंचवीस. शौचालयाच्या दाराची कडी मोठ्या माणसाच्या छातीएवढी उंच, म्हणून मूल आत कोंडलं जात नाही, पण दार लावूही शकत नाही. नळ ओट्याच्या वर. खिडकी अशी की जमिनीवर बसलेल्या मुलाला फक्त आभाळ दिसतं. यातली एकही गोष्ट जादा पैशाची नाही. पायरी नऊऐवजी पाच इंचांची करायला दोन पायऱ्या वाढतात, एवढंच.

भाऊजी थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, की नकाशा वरून येतो. हे उत्तर प्रामाणिक होतं, पण पुरेसं नव्हतं. नमुना नकाशा वरून येतोच. पायरीची उंची जागेवर, जोत्याची उंची ठरल्यावर ठरते, आणि तेव्हा जागेवर सेविका नसते.

मूल्यमापनाच्या बाजूला आलं की आकडे बोलतात. देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा जो आढावा २०१३ मध्ये संसदेपुढे ठेवला, त्यात तपासलेल्या अंगणवाड्यांपैकी एकसष्ट टक्क्यांना स्वतःची इमारत नव्हती. पंचवीस टक्के कच्च्या, अर्ध्या-पक्क्या जागेत किंवा उघड्यावर भरत होत्या. निम्म्याहून अधिक ठिकाणी शौचालय नव्हतं. याला एक इतिहास आहे. योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली ती मोजक्या तेहतीस प्रकल्पांत. पुढे अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये सांगितलं, की देशात किमान चौदा लाख अंगणवाड्या झाल्या पाहिजेत. तो आदेश लाखो मुलांच्या भल्याचा होता आणि त्याने केंद्रं झपाट्याने वाढली. केंद्र मंजूर करायला एक आदेश पुरतो, इमारतीला जागा, निधी, पाणी आणि दोन कोरडे हंगाम लागतात. महाराष्ट्रात आज सुमारे एक लाख दहा हजार अंगणवाड्या आहेत. आधी केंद्र, मग भाड्याची खोली, मग समाजमंदिर, मग शाळेचा व्हरांडा आणि नशीब असेल तर इमारत, असा क्रम पुष्कळ गावांनी बघितला आहे.

“म्हणूनच म्हणतो,” भाऊजी म्हणाले, “इमारतीचं एवढं काय? ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीत मुलांना गोळा केलं ते काय स्लॅबखाली? त्यांच्या घरच्या अंगणात जाऊन शिकवलं. अनुताई वाघांनी पुढे कोसबाडला तेच केलं. मुलं शिकली.”

वहिनींना हा दाखला मान्य होता. सेविकांच्या प्रशिक्षणात ताराबाई आणि अनुताईंचं नाव आदराने घेतलं जातं. पण त्यांनी विचारलं, की अंगणात बसवायची मुलं तर बसवू, वजनकाटा कुठे ठेवायचा? पूरक आहाराची पोती कुठे? लोहाच्या गोळ्या, रजिस्टरं, आता मोबाइल चार्ज करायला वीज? गरोदर बाईची तपासणी आडोशाशिवाय कुठे करायची? १९४५ च्या बालवाडीत मुलं होती आणि शिक्षिका होती. आजच्या अंगणवाडीच्या माथी आरोग्य आहे, आहार आहे आणि २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ही आहे. रोजची हजेरी, वजन, उंची सगळं त्या ॲपमध्ये भरायचं. इमारत, शौचालय आणि पाणी यांची माहितीही तिथेच जाते. “मी ‘शौचालय नाही’ असं भरते,” त्या म्हणाल्या. “ती माहिती दिल्लीला कळते. तालुक्याच्या बांधकाम उपविभागाला कळत नाही.”

नेमकं हेच दुखणं आहे. देखरेख दोन खात्यांत विभागली गेली आहे आणि दोन्ही खाती आपापल्या परीने देखरेख करतात. एकाच्या मोजमाप पुस्तिकेत इमारत पूर्ण, दुसऱ्याच्या ॲपमध्ये तीच इमारत शौचालयाविना. दोन्ही नोंदी खऱ्या. या दोन नोंदी एकमेकींशेजारी ठेवून बिल अडवणारा माणूस व्यवस्थेत कुठेच नेमलेला नाही. केनियात २०१० च्या राज्यघटनेने बालशिक्षण काउंटी सरकारांच्या हाती दिलं, तिथे वर्गखोल्या बांधायचा सपाटा लागला आणि लेखापरीक्षणाच्या अहवालांत पुन्हा पुन्हा अर्धवट किंवा बांधून न वापरलेल्या खोल्या दिसू लागल्या. खोली बांधणारे आणि खोली चालवणारे वेगळे असले की असं इतरत्रही होतं.

वहिनींचा उपाय सरळ होता. “शेवटचं बिल निघायच्या आधी सेविकेची सही घ्या. ताबा पावती नंतर कशाला? ती तर किल्ली हातात पडल्याची सही. मला सही द्या ती नळाला पाणी आहे, शौचालयाला दार आहे, चूल पेटवली तर धूर बाहेर जातो, याची.”

भाऊजींनी मान हलवली, पण होकाराची नव्हे. त्यांचा आक्षेप ऐकण्यासारखा होता. सेविका मानधनावर. नेमणूक गावातली, राहणं गावातलं. गुत्तेदार बहुधा गावातल्याच कुणाचा तरी माणूस. त्या बाईने सही अडवली, तर दुसऱ्या दिवशी तिच्या दारात कोण येईल? अभियंत्यावरही दबाव येतो. पण त्याची बदली होते, तो तालुका सोडून जातो. बाई कुठे जाणार? “तुम्ही तिला अधिकार देत नाही, वहिनी. तिच्या गळ्यात धोंड बांधता. उद्या छत गळलं तर सगळे म्हणतील, बाईने सही केली होती ना?”

ही भीती फुकाची नाही. पण ती मान्य करून थांबलं तर सेविकेच्या भल्यासाठी तिला अंधारात ठेवायचं, असा अर्थ निघतो. संवाद सहायकांचा अनुभव इथे उपयोगाचा आहे. त्या बाया टिकल्या, कारण त्या एकेकट्या नव्हत्या. गावात बायांचे गट होते, मागे संस्था होती, जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत गाऱ्हाणं नेण्याची वाट होती, आणि हप्ता कोणत्या कामानंतर सुटणार हे सगळ्या गावाला माहीत होतं. माहिती उघडी असली की एका बाईच्या सहीवर सगळा भार पडत नाही. म्हणून सही एकटीची नको. सेविका, पर्यवेक्षिका आणि मुलांच्या आयांपैकी दोघी, अशा चौघींची हवी, आणि तीही तांत्रिक दर्जावर नव्हे. सळई किती मिलिमीटरची, हे अभियंत्यानेच सांगावं आणि त्याची जबाबदारी त्यानेच घ्यावी. बायांनी सही करायची ती वापराच्या गोष्टींवर. ही वाटणी स्पष्ट लिहिली, तर छत गळल्यावर बोट कुणाकडे दाखवायचं हेही आधीच ठरलेलं असेल.

त्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे अंदाजपत्रक. कार्यारंभ आदेश निघाला की त्या अंदाजपत्रकाची मराठी, बाबवार प्रत अंगणवाडीत लागली पाहिजे: पाया किती फूट, शौचालय कोणत्या मापाचं, पाण्याची टाकी किती लिटरची. कामाच्या जागी रकमेचा फलक लावायचा नियम आहेच. पण ‘अंदाजित रक्कम १२ लाख’ एवढ्या ओळीने कुणाला काय तपासता येणार? भाऊजी यावर पटकन राजी झाले. त्यांनी स्वतःहून एक भर घातली: खोदाई, पट्टा आणि स्लॅब या तीन दिवसांची तारीख शाखा अभियंत्याने अंगणवाडीला आदल्या दिवशी कळवावी. बायांना सळई मोजता आली नाही तरी चालेल. बघायला चार जणी उभ्या आहेत म्हटल्यावर मुकादम कोपऱ्यातली सळई तोडत नाही, हा त्यांचा इतक्या वर्षांचा अनुभव.

वाद उरला तो इमारत झाल्यानंतरचा. आपल्याकडे मूल्यमापन म्हणजे किती मंजूर, किती पूर्ण, किती प्रगतिपथावर, एवढा तक्ता. पूर्ण झालेल्या इमारतीकडे पुन्हा कुणी बघत नाही, ती पडेपर्यंत. ऑगस्ट २०१७ मध्ये नगर जिल्ह्यातल्या निंबोडीत जिल्हा परिषद शाळेचं छत कोसळून मुलं दगावली. २५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाडजवळच्या पिपलोदीत सरकारी शाळा कोसळली आणि सात मुलं गेली. अशा प्रत्येक घटनेनंतर सगळ्या इमारतींची तपासणी करण्याचे आदेश सुटतात. लातूर-नांदेडकडच्या लोकांना तपासणीची गरज वेगळी सांगावी लागत नाही. २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून आवाज आणि धक्के जाणवले. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोलीत केंद्र असलेल्या भूकंपांनी नांदेड हललं.

पुनर्वसनाच्या गावांकडे बघितलं तरी हेच दिसतं. घरं किती बांधली याचा हिशेब १९९८ पर्यंत पुरा झाला. ती कशी वापरली जातात हे अभ्यासकांनी नंतर येऊन बघितलं आणि पुष्कळ उणिवा दाखवल्या: चौकटीत आखलेल्या आळ्या, रुंद रस्ते, जुन्या गावठाणापेक्षा कित्येक पट पसरलेली गावं, ओसरी आणि वाड्याची सोय नसलेली घरं. घरं भक्कम झाली हे खरंच, आणि भूकंपात वाचलेल्या माणसाला त्याचं मोल विचारायची गरज नाही. पण गाव पसरलं की अंगणवाडीही लांब जाते. जुन्या गावात मूल आजीच्या नजरेच्या टप्प्यात अंगणवाडीला पोचायचं. तिथे आता तीन वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन उन्हातून जायचं, हे काम आजीचंच.

“एक वर्षाने या,” वहिनी म्हणाल्या. “उद्घाटनाला नाही. एक पावसाळा गेल्यावर या आणि बसलेली मुलं मोजा. इमारत धडधाकट आणि आत पाच लेकरं असतील, तर विचारा बाकीची का येत नाहीत.”

भाऊजींनी पावसाळ्याचा धागा उचलला, आणि त्यातून एक वापरता येईल अशी गोष्ट निघाली. गुत्तेदाराची सुरक्षा ठेव दोष-दुरुस्तीच्या मुदतीपर्यंत अडकलेली असतेच. ती सोडताना अभियंता बहुधा जुन्याच कागदावर सही करतो. त्याऐवजी पावसाळ्यानंतर अभियंता आणि पर्यवेक्षिका यांनी एकाच दिवशी, एकत्र जागेवर जावं. गळती, भेगा, खचलेली फरशी त्याने लिहावी, वापर तिने लिहावा, आणि त्या एका कागदावर ठेव सुटावी. यासाठी नवा निधी लागत नाही, नवं ॲप तर मुळीच नको. एक दिवस आणि एक गाडी पुरते.

शेवटच्या बिलाबद्दल मात्र दोघांचं जुळलं नाही. भाऊजींच्या मते सगळं बिल बायांच्या सहीवर अडकवलं, तर आधीच देयकांनी रडकुंडीला आलेले छोटे गुत्तेदार बारा लाखांच्या कामाकडे फिरकणार नाहीत, आणि खोली कागदावरच राहील. वहिनी म्हणाल्या, सगळं नका अडवू, शौचालय, नळ आणि स्वयंपाकखोली एवढ्याच बाबींचे पैसे त्या चालू झाल्याशिवाय सोडू नका. या बाबी अंदाजपत्रकात वेगळ्या असतातच, हे भाऊजींना कबूल करावं लागलं. पण नळाला पाणी न येणं हा गुत्तेदाराचा दोष की ग्रामपंचायतीच्या योजनेचा, असा प्रश्न त्यांनी काढला. त्यावर पुन्हा चहा ठेवला गेला.